प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते

डॉ. उत्कर्षा शेडगेच्या जुईनगरच्या घरी चौदा शाली होत्या आणि त्यातली एकही अंगावर घेण्याच्या लायकीची नव्हती. सगळ्या सत्काराच्या. सत्काराची शाल ही जातच वेगळी. ती ऊब देण्यासाठी विणलेली नसते, फोटोत चमकण्यासाठी विणलेली असते. उत्कर्षाचे वडील हौसेराव, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एकतीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिलेला साताऱ्याकडचा माणूस, त्यातली एक शाल इन्व्हर्टरवर घालत, एक मिक्सरवर आणि एक आपल्या जुन्या ट्रंकेवर. एकदा ट्रंकेवरची धूळ झटकता झटकता ते म्हणाले, "पोरी, तू त्यांच्या खेळाला नावं ठेवतीस आन् ती तुला शाली घालत्यात. ह्यात येडं कोन म्हनायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्कर्षा पॅथॉलॉजिस्ट होती आणि गेली सतरा वर्षं एकच गोष्ट सांगत होती: कबड्डीत डोक्याला बसलेला मार खेळाडू विसरतो, त्याचा मेंदू विसरत नाही. लहान-मोठे मार वर्षानुवर्षं साचत जातात आणि चाळिशी-पन्नाशीत माणूस घरचा रस्ता विसरतो, बायकोवर हात उगारतो, भिंतीकडे बघत रडतो. परदेशात असं बोलणाऱ्या डॉक्टरांना म्हणे धमक्या येतात, त्यांच्यावर वकील सोडले जातात. आपल्याकडे एवढा उपद्व्याप कोण करतो? आपल्याकडे सत्कार करतात. तिचा पहिला निबंध छापून आला तेव्हा एका संघटनेने तिला 'क्रीडा-आरोग्य भूषण' केलं, दुसऱ्यानंतर दुसरीने 'आरोग्यदीप'. अध्यक्ष माइकवर म्हणाले, मॅडमचं संशोधन आम्हाला मार्गदर्शक आहे. टाळ्या वाजत होत्या तोवर शेजारच्या मॅटवर एक पोरगा दुसऱ्याच्या गुडघ्यावर कपाळ आपटून आडवा झाला. त्याच्या नाकाला कांदा लावला, तोंडावर पाण्याचा हबका मारला, आणि पुढच्या चढाईला तो उभा. त्याला तिच्यापेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या.

हे सगळं सुरू झालं ती एम.डी. करत होती तेव्हा. खाडीकाठच्या गावातला एक्केचाळीस वर्षांचा माजी कबड्डीपटू शवविच्छेदनाला आला होता. झोपेत गेला म्हणे. कागदांवर कारण लिहिलं होतं, दारू. उत्कर्षाने यकृत पाहिलं. ते काही दारुड्याचं नव्हतं. घरच्यांची सही घेऊन तिने मेंदू ठेवून घेतला, तीन आठवडे फॉर्मालिनमध्ये मुरवला, पातळ काप काढून रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेंदूच्या वळ्यांच्या पार तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी डाग होते. असे डाग तिने फक्त पुस्तकात पाहिले होते, आणि तेही मुष्टियोद्ध्यांचे. त्या क्षणी तिला अतोनात आनंद झाला. त्या माणसाची बायको बाहेर बाकावर बसली होती आणि ही आत आनंदाने थरथरत होती, हे तिने पुढे कुठल्याच निबंधात लिहिलं नाही.

विभागप्रमुख म्हणाले, "कबड्डी? अहो, मातीतला खेळ तो. माती पोटात घेते सगळं. कॅन्सर वगैरे काही घ्या." संघटनावाले त्याहून थोडक्यात आटपत. "एका माराने काय होतंय, मॅडम?" हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की शेवटी परिषदेतल्या भाषणाची पहिली स्लाइड तिने तेवढ्याच वाक्याची केली. लोक हमखास हसायचे.

तिच्या धंद्यातली अडचण अशी, की हा आजार खात्रीने सिद्ध होतो तो माणूस मेल्यावरच. जिवंतपणी काढलेल्या फोटोंत काही धड दिसत नाही. म्हणजे मेंदू हवेत. आणि मेंदू कोण देतो? डोळे देतात, रक्त तर हळदीकुंकवासारखं वाटतात, पण मेंदू म्हटलं की माणसं चपलांकडे बघू लागतात. सतरा वर्षांत अकरा निबंध झाले, दोनदा परदेशवारी झाली, मेंदू मात्र चारच मिळाले. आता एका परदेशी संस्थेने कळवलं होतं, की पंचवीस खेळाडूंची मेंदूदानाची संमती दाखवा, आम्ही तुमच्या कामाला स्वतंत्र केंद्राचा दर्जा आणि पाच वर्षांचा निधी देतो. पंचवीस हा आकडा उत्कर्षाच्या उशाशी येऊन बसला होता.

तिची खरी कमाई मात्र वेगळीच होती. तिने एक आघातपत्रक तयार केलं होतं, चार पानी, अगदी तिच्या हाताचं. "तुम्हाला डोक्याची दुखापत झाली होती का?" असं विचारलं तर झाडून सगळे खेळाडू नाही म्हणत. "काजवे दिसले होते का?" म्हटलं की सगळे हो. म्हणून तिने पत्रकात काजवेच विचारले होते. शेवटच्या पानावर तक्ता: मार कधी बसला, कशाचा बसला, कोणाच्या हातून, त्यानंतर काय झालं. 'कोणाच्या हातून' या रकान्यावरून कॉलेजच्या समितीशी ती तीन महिने भांडली होती. समिती म्हणे, नावं कशाला, गावात भांडणं लागतील. उत्कर्षा म्हणाली, मार काय आभाळातून पडतो का? कोणीतरी मारतो म्हणूनच बसतो ना? रकाना राहिला. शिवाय तिने नियम घातला, की खेळाडू गेल्यावर घरच्यांनी तक्ता पुरा करायचा, संशोधकाने तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा आणि खाली सही करायची. या नियमाचं तिला फार कौतुक होतं.

अशात एका सकाळी तळवलीची भागीरथी नवऱ्याला हाताला धरून कॉलेजात आली. पॅथॉलॉजिस्ट जिवंत पेशंट बघत नाही, हे तिला कोण सांगणार? तिने ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याशा बॅनरवर उत्कर्षाचा फोटो पाहिला होता, त्यावर 'डोक्याच्या डॉक्टर' असं लेकीने, जागृतीने, वाचून दाखवलं होतं. बँकेत कामाला असलेली जागृती रजा टाकून सोबत आली होती.

नवरा म्हणजे हिरामण. साठी ओलांडलेला, अजून खांद्यात भरलेला, चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू. तळवलीच्या वीर खाडीपुत्र क्रीडा मंडळाचा एके काळचा कोपरारक्षक. चढाईला आलेल्या गड्याच्या कमरेत तो डोकं घालायचा आणि उचलून रेषेबाहेर फेकायचा. त्याने उत्कर्षाकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तू कोनाची गो?"

तिने नाव सांगितलं. पाच मिनिटांनी त्याने परत विचारलं. मग जागृतीला विचारलं.

"लेकीला पन इचारतो," भागीरथी म्हणाली. "रोज सकाली उठून मैदानाव जातो. मैदान कुठं राह्यलंय? त्याच्याव टॉवर झाला. हा त्या पार्किंगमदी जाऊन रेघ शोधतो. वॉचमन आनून सोडतो घरी. मना मात्र अजून इचारत नाय हां, कोनाची म्हनून. मना वलखतो." हे शेवटचं सांगताना तिने पदर सारखा केला. इतक्या सगळ्या पडझडीत तेवढी एक गोष्ट तिच्या मालकीची होती आणि तिला तिचा अभिमान होता.

"बरा व्हईल?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. ती या बाबतीत खोटं बोलत नसे. "पण आहे ते टिकवता येईल. आता डोक्याला एकही मार बसता कामा नये. एकसुद्धा नाही."

भागीरथीने विचारलं, "नारल?"

"कसला नारळ?"

मग जागृतीने सांगितलं. १९८८च्या अंतिम सामन्याला नारळ वाढवायला दगडच सापडेना. भातशेतीची जमीन नुकती सपाट केलेली, औषधाला खडा नाही. पाहुणे खोळंबले. तेव्हा हिरामणने मान पुढे केली आणि म्हणाला, ह्याच्याव फोडा. फोडला, आणि मंडळ जिंकलं. झालं! तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक अंतिम सामन्याचा नारळ प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते हिरामणच्या कपाळावर. मंडळ पुढे कितीतरी वेळा हरलं, पण त्याचं खापर नारळ एका घावात फुटला नाही यावर फुटलं. प्रथेवर कोणी बोट ठेवलं नाही. सभापतींनी वाढवला, फौजदारांनी वाढवला, मालिकेतल्या एका नायकाने वाढवला. सगळ्यांचे फोटो मंडळाच्या कचेरीत काचेत लावलेले आहेत.

उत्कर्षाला आधी हसू आलं. मग तिने हिरामणच्या कपाळाकडे पाहिलं. मधोमध रुपयाएवढी कातडी पांढुरकी आणि टणक झाली होती. हसू जिरलं.

"नारळ तर मुळीच नाही. ताबडतोब बंद."

"मी सांगून थकले. मंडलवाले बोलतान, काकी, देवाचं काम हाय. तुमी सांगा. तुमचं ऐकतील, तुमचा फोटू लागतो रस्त्याव."

"मी सांगते. शब्द देते तुम्हाला. ह्यापुढे त्यांच्या डोक्यावर नारळ फुटणार नाही."

भागीरथीने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "सुखी राव गो माजे बाय. तुज्या शब्दाव जीव टाकून जाते," असं म्हणताना ती आपसूक 'तू'वर आली. हिरामणने संमतिपत्र आनंदाने पुढे ओढलं. पंचविसातली पहिली सही. "माजा मेंदू? घे. मना तरी कुठं लागतो?" असं म्हणून तो इतका हसला की सगळ्यांनाच हसावं लागलं. निघताना उत्कर्षाने आघातपत्रक भागीरथीच्या हाती दिलं आणि मोठ्याने वाचायचा आपला नियमही समजावून सांगितला.

पंधरा दिवसांनी धनेश आला. हिरामणचा पुतण्या, मंडळाचा अध्यक्ष, मैदानावरचा तो टॉवर बांधणारा, आणि येत्या निवडणुकीत उभा राहू बघणारा. पांढरे बूट, दोन मोबाइल आणि पेढ्यांचा बॉक्स.

"मॅडम, काकांची एक सही घेऊन काय करता? मी तुमाला चोवीस देतो. आपले सगले जुने प्लेयर. रक्तदान सगलेच करतात, नेत्रदानपन झालं सगल्यांचं. मेंदूदान नवी मुंबईत कोनी केलं नाय. पयला मान आपला पायजे." हाताने हवेत बॅनर रंगवत तो म्हणाला, "मेंदूदान महासंकल्प सोहळा!"

चोवीस आणि एक. उत्कर्षाने मनातली बेरीज चेहऱ्यावर येऊ दिली नाही. "माझी एक अट आहे. हिरामणकाकांच्या डोक्यावर नारळ नको."

"मॅडम, विषयच नाय," धनेश म्हणाला आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. विषय नाही म्हणजे होकार की नकार, हे तिने विचारून घ्यायला हवं होतं. तिने पेढा घेतला.

निमंत्रणपत्रिका आली. 'श्रीफळ वाढवणे: प्रमुख पाहुण्या डॉ. उत्कर्षा शेडगे यांच्या हस्ते.' दगडावर असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. फोन करून खात्री करता आली असती, पण फोन केला असता तर उत्तर मिळालं असतं.

सोहळा रविवारी सकाळी दहाला होता, म्हणजे सव्वाबाराला सुरू झाला. टॉवरच्या पार्किंगमध्येच मांडव. घणसोली स्टेशनपासून बॅनर लागले होते. त्यावर धनेशचा चेहरा मेंदूपेक्षा मोठा होता, आणि मेंदूही कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेला, माणसाचा नव्हे, मेंढीचा. पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून ते सुटलं नाही. व्यासपीठावर लाल खुर्च्यांत चोवीस माजी खेळाडू बसले होते, कोणाचा खांदा उतरलेला, कोणाच्या गुडघ्याला पट्टा. सगळ्यांना भगवे फेटे. सतरा वर्षं ज्यांच्या डोक्यांच्या मागे ती होती ती डोकी अशी एका ओळीत, सजवून. आपण त्यांच्याकडे दुकानातल्या मालासारखं बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने नजर वळवली. बाजूच्या टेबलावर चोवीस संमतिपत्रं होती, सह्यांच्या जागा रिकाम्या.

पंचविसावा हिरामण. त्याला फेटा बांधला नव्हता. कपाळाला हळदकुंकू लावून त्याला मध्ये उभा केला होता.

"आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते श्रीफळ वाढवण्यात येईल!" निवेदक गरजला. ढोल सुरू झाला. बायकांच्या पहिल्या रांगेत भागीरथी आणि जागृती बसल्या होत्या. भागीरथी उत्कर्षाकडे बघत होती, निवांत. शब्द दिलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"हे काय आहे?" उत्कर्षा धनेशच्या कानाशी म्हणाली. "विषय नाही म्हणालात ना?"

"टेन्शन नका घेऊ मॅडम. नारल करवतीने चिरून परत चिकटवलाय. मी सोता. नुसता टेकवा, दोन भकलं. काकांना मुंगी चावल्यासारखं पन नाय होनार."

"मी त्यांच्या बायकोला शब्द दिलाय."

"मग शब्दपन राहील, नारलपन वाढेल." धनेश समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून हसतच बोलत होता. "आन् नाय वाढवला ना मॅडम, तर ही मानसं उठून जातील. अपशकुनात कोन सही करतो? फॉर्म तिकडंच राहतील टेबलाव."

तेव्हा उत्कर्षाने मनाशी गणित मांडलं. चिरलेला नारळ, हलकी टेकणी, बल जवळजवळ शून्य. कोणत्याही परीक्षकाने मान्य केलं असतं. दुसऱ्या बाजूला चोवीस मेंदू, केंद्र, पाच वर्षं, पुढच्या हजारो पोरांची डोकी. त्या हजारो पोरांची आठवण तिला नेमकी आत्ताच झाली. माणूस खड्ड्यात उतरताना नेहमी पुढच्या पिढीचा हात धरून उतरतो. तिने नारळ उचलला. भागीरथीकडे तिने बघितलं नाही.

पहिल्यांदा तिने नुसता टेकवला. काहीच झालं नाही.

"एक!" निवेदक म्हणाला. "मॅडमचा हात नाजूक हाय!" मांडव हसला.

दुसऱ्यांदा जरा जोरात. टक्क असा आवाज आला, नारळ तसाच. "दोन!" मागून कोणीतरी शिट्टी मारली. उत्कर्षाचे कान तापले. सतरा वर्षं ही माणसं आपल्याला हसतायत, असं काहीतरी तिच्या डोक्यात गेलं. समोर वाकलेला हिरामण मान वर न करता प्रेमाने म्हणाला, "मार गो. घाबरू नको."

तिसऱ्यांदा तिने करवतीच्या त्या चिरेवर भरवसा ठेवून, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावला. नारळ फुटला. पाणी हिरामणच्या नाकावरून, ओठांवरून खाली आलं. ढोल, टाळ्या, फुलं, मोबाइल. हिरामणने मांडवाचा खांब धरला. त्याचे डोळे क्षणभर कुठेतरी निघून गेले आणि परत आले तेव्हा तो हसला.

उत्कर्षाच्या हातात एक भकल राहिलं होतं. तिने कड बघितली. ओबडधोबड, दातेरी, ताजी. करवतीचा मागमूस नाही, चिकटवल्याची खूण नाही. ती धनेशकडे वळली. धनेशचाही चेहरा पडला होता. तो खरंच चिरलेलाच नारळ ठेवून गेला होता.

"यो बदलला मी," हिरामण ओठांवरचं पाणी चाटत खुशीत म्हणाला. "ताटात कोनीतरी चिकटवलेला ठेवला होता. देवाला फसवता? मी चांगला आनून ठेवला." त्या अख्ख्या आठवड्यात त्याने धड लक्षात ठेवलेली ती एकच गोष्ट होती.

चोवीस सह्या झाल्या. एकेक जण फेटा सावरत यायचा, सही करायचा, उत्कर्षाच्या पाया पडायचा. तिला पंधरावी शाल घातली गेली. तिने शेवटी समोर पाहिलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मांडवाच्या दाराशी भागीरथी हिरामणचं कपाळ पदराने पुसत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, नारळ बरोबर कपाळावर असतानाचा. हौसेरावांनी तो कौतुकाने कापून ठेवला. "तिसऱ्या दनक्याला फोडलास व्हय? हात आपल्या घरान्याचा हाय."

"बाबा, तो फोटो फाडून टाका."

"का गं?"

उत्कर्षा आत निघून गेली. एका माराने काय होतंय, असं ती मनाशी म्हणत होती. वाक्य पुरं झाल्यावर तिला ते ओळखीचं वाटलं. पुढच्या परिषदेत तिने पहिली स्लाइड काढून टाकली आणि भाषण थेट दुसरीपासून सुरू केलं. कोणी हसलं नाही, आणि कोणाला काही उणंही वाटलं नाही.

केंद्र झालं. दारावर पाटी लागली. हिरामणने हळूहळू पार्किंगमध्ये जाणं सोडलं, मग चालणंच सोडलं. उत्कर्षा एकदा फळं घेऊन तळवलीला गेली होती. भागीरथीने पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं परतीच्या रिक्षात उत्कर्षाला वाटत राहिलं. न्यूरॉलॉजीवाले म्हणाले, आजाराची नैसर्गिक वाटचाल आहे. तसंही असेल. एकेका माराचं वेगळं काही सांगता येत नाही, हे तर तिनेच अकरा निबंधांत लिहिलं होतं.

आठ महिन्यांनी हिरामण न्यूमोनियाने गेला. उत्कर्षाने मेंदूची आशा सोडली होती आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. पण सकाळी जागृतीचा फोन आला. "आई म्हणते, गाडी पाठवा. बाबांनी सही केली होती."

तेरावं झाल्यावर मायलेकी केंद्रात आल्या. भागीरथीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेलं आघातपत्रक होतं. शेवटचं पान पुरलं नव्हतं म्हणून जागृतीने दोन कागद जोडले होते, बँकेतल्या सुवाच्य अक्षरात. भागीरथी तिला घेऊन चार दिवस मंडळाच्या कचेरीत जात होती आणि काचेतल्या फोटोंवरून एकेक नाव उतरवून घेत होती.

"वाचा," भागीरथी म्हणाली. ती आता 'तुमी'वर आली होती. "मोठ्यानं वाचायचा नियम हाय ना तुमचा?"

उत्कर्षाने वाचायला सुरुवात केली. १९८८, नारळ, मंडळाचे तेव्हाचे खजिनदार. १९९०, नारळ, सभापती. १९९३, नारळ, फौजदार. मध्ये मध्ये गुडघे, कोपरं, मैदानाची कड, त्यांचीही नावं. सव्वीस नारळ. 'त्यानंतर काय झालं' या रकान्यात कधी 'काजवे', कधी 'उलटी', बहुतेक ठिकाणी 'सामना जिंकला' किंवा 'सामना हरला'. हे सतरा वर्षांतलं सर्वांत नीट भरलेलं पत्रक होतं. असं एक पत्रक मिळावं म्हणून तिने जीव टाकला होता.

ती शेवटच्या ओळीपाशी आली.

मार कशाचा: नारळ, तीन वेळा. कोणाच्या हातून: डॉ. उत्कर्षा शेडगे. त्यानंतर काय झालं: घरी आल्यावर बायकोला विचारलं, तू कोनाची गो.

तिचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर आलं नाही. खाली सहीची जागा होती आणि तिच्याच भाषेत छापलं होतं: वरील नोंद मी कुटुंबीयांसमोर वाचली असून ती मला मान्य आहे. संशोधक.

भागीरथीने टेबलावरचं पेन तिच्याकडे सरकवलं. आवाज चढवला नाही.

"शेवटची ओल परत वाचा," ती म्हणाली. "जागृतीला ऐकू नाय आली."

उत्कर्षाने पेन हातात धरलं आणि आपलं नाव मोठ्याने वाचलं.